आंकड्यांच्या रांगेची शीव

मुंबईच्या एखाद्या जुन्या चाळींत टपालवाला पत्र घेऊन येतो. पाकिटावर खोलीचा क्रमांक एकवीस घातलेला असतो आणि त्या मजल्यावर खोल्या असतात वीसच. टपालवाला टोकाच्या खोलीपाशीं थांबतो, एखाद्या बिऱ्हाडांत चौकशी करतो आणि शेवटीं 'पत्ता चुकीचा' असा शेरा मारून पत्र परत नेतो. चूक पत्र लिहिणाराची असते. पण ती जागच्या जागीं उघडकीस येते आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. हेंच काम संगणकाकडे सोंपविलें तर तो टोकाशीं थांबेलच असें नाहीं. विसावी खोली संपली कीं भिंतीपलीकडे जें कांहीं असेल, मग ती शेजारच्या चाळीची पहिली खोली असो किंवा वाण्याचें दुकान असो, त्यालाच तो एकविसावी खोली मानतो. दार उघडतो आणि आंत जें सांपडेल तें आणून मागणाराच्या हातांत ठेवतो. आपण परक्या घरांत शिरलों होतों, हें तो सांगत नाहीं. कारण तें त्याला ठाऊकच नसतें.

शास्त्रीय गणनेंत आंकड्यांच्या ज्या रांगा वापराव्या लागतात, त्यांची शीव कोणीं व कशी राखावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय वरवर पाहतां अगदीं किरकोळ दिसतो. परंतु पुलाचा भार, नदीचा पूर, औषधाची मात्रा, विमानाचें वेळापत्रक अशा कितीतरी गोष्टी आज या रांगांवर विसंबून आहेत. आणि रांगेचा हिशेब एका घरानें चुकला तर निघालेलें उत्तर चुकीचें असूनहि बरोबर दिसूं शकतें. खरा धोका आहे तो येथेंच.

प्रथम रांग म्हणजे काय तें पाहूं. शास्त्रज्ञाला एकटा आंकडा क्वचितच लागतो. तपमान, दाब, पाऊस, ताऱ्यांचें तेज, तुळईवरील ताण हीं सर्व मापें रांगेनें येतात. संगणकाच्या स्मृतींत त्यांना एकापुढें एक अशीं घरें मिळतात आणि प्रत्येक घर त्याच्या क्रमांकावरून ओळखलें जातें. इंग्रजींत अशा रांगेला 'अ‍ॅरे' म्हणतात. रांगेचा पहिला क्रमांक ही तिची खालची शीव व शेवटचा क्रमांक ही तिची वरची शीव होय.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेतलें म्हणजे सर्व गोष्टी उघड होतील. पुणेकर अद्याप ज्याला 'शिमला ऑफिस' म्हणतात, त्या हवामानखात्याच्या पुण्यांतील कार्यालयानें सबंध देशाच्या दररोजच्या पावसाचें एक विस्तृत कोष्टक तयार केलें आहे. ६९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून तें बेतलेलें असून २०१४ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध झाली, त्या वेळीं त्यांत १९०१ पासून २०१० पर्यंतचा पाऊस होता. नकाशावर पाव पाव अंशाच्या अंतरानें उभ्या व आडव्या रेषा ओढावयाच्या आणि जेथें त्या एकमेकींस छेदतात त्या प्रत्येक बिंदूपाशीं त्या दिवसाचा पाऊस मांडावयाचा, अशी त्याची रचना आहे. पश्चिमेची पहिली रेषा ६६.५० पूर्व रेखांशावर असून पूर्वेची शेवटची १००.०० वर आहे. दक्षिणेची पहिली ६.५० उत्तर अक्षांशावर व उत्तरेची शेवटची ३८.५० वर आहे.

आतां उभ्या रेषा एकंदर किती झाल्या? शंभरांतून साडेसहासष्ट वजा केले तर साडेतेहतीस अंश उरतात; त्यांत पाव अंशाचे तुकडे होतात १३४. परंतु रेषा मात्र १३५ आहेत, कारण दोन्ही टोकांच्या रेषा मोजावयाच्या असतात. हा एकाचा फरक मराठी माणसाला नवा नाहीं. 'आठ दिवसांनीं येतों' असें सांगून सोमवारीं गेलेला पाहुणा पुढल्या सोमवारीं येतो. मध्यें दिवस लोटतात सातच. पण दोन्ही सोमवार धरले म्हणजे आठ भरतात. सात दिवसांच्या आठवड्याच्या नांवांतहि आठ आहेच. बोलण्यांत हें खपून जातें, कारण ऐकणाराला अर्थ ठाऊक असतो. यंत्राला असा अर्थ ठाऊक नसतो. त्याला १३४ सांगितलें तर तें १३४ घरें बांधील आणि एकशें पस्तिसाव्यांत ठेवावयाचा आंकडा दुसऱ्या कोणाच्या तरी घरांत लिहून टाकील.

याच रीतीनें आडव्या रेषा १२९ होतात. म्हणजे एका दिवसाला १७,४१५ घरें आणि ३६५ दिवसांच्या वर्षाला ६३,५६,४७५. लीप वर्षांत आणखी एका दिवसाचीं घरें वाढतात. या साठ-पासष्ट लाख घरांच्या गर्दींतून पुण्याचें घर शोधून काढावयाचें आहे. शहराला सर्वांत जवळचा बिंदु १८.५० अक्षांश व ७३.७५ रेखांश हा होय. रेखांशांच्या रांगेंत पहिल्या घराला एक म्हटलें तर पुण्याचा क्रमांक ३० येतो. पहिल्या घराला शून्य म्हटलें तर तो २९ येतो. मांडणाऱ्यानें एकापासून मोजलें आणि वाचणाऱ्यानें शून्यापासूनच्या हिशेबानें २९ हा क्रमांक मागितला, तर हातीं येतो तो ७३.५० रेखांशाचा पाऊस. नकाशावर ही जागा सुमारें सव्वीस किलोमीटर पश्चिमेस, मुळशीच्या बाजूला आहे. पुण्याला वर्षाकाठीं साधारण सातशें मिलिमीटर पाऊस पडतो. मुळशीपलीकडे ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर तो त्याच्या कित्येक पट पडतो. शहरांतील गटारें किती रुंद बांधावयाचीं याचा विचार करणाऱ्या अभियंत्यापुढें असा आंकडा आला तर त्याला संशय कसा यावा? आंकडा बनावट नाहीं. खरोखर पडलेल्या पावसावरूनच तो आला आहे. फक्त तो दुसऱ्या गांवचा आहे.

दुसऱ्या तऱ्हेची चूक याहून निराळी असते. समजा, कोणी एकानें पुण्याच्या अक्षांशाच्या ओळींत १३६ वें घर मागितलें. तें अस्तित्वांत नाहीं. पण स्मृतींत एक ओळ संपली कीं लागलीच तिच्या उत्तरेकडील ओळ सुरू होते. म्हणून शंभराव्या रेखांशाच्या पुढें एक पाऊल टाकतांच यंत्र एकदम ६६.५० रेखांशावर, म्हणजे नकाशाच्या दुसऱ्या कडेला, जाऊन पोंचतें. देशाबाहेर पडणाऱ्या बिंदूंच्या घरांत या कोष्टकांत उणे ९९९ असा खुणेचा आंकडा लिहिलेला असतो. तो दिसला तर नशीब. कारण उणा पाऊस कोठेंच पडत नाहीं, हें पाहणाराच्या ध्यानांत येतें. परंतु सरासरी काढतांना असा एखादा आंकडा लाखोंच्या बेरजेंत मिसळून गेला तर तो दिसतहि नाहीं.

तेव्हां क्रमांकाच्या या दोन चुका वेगवेगळ्या ध्यानांत ठेवाव्या लागतात. पहिलींत मागितलेलें घर रांगेंतलेंच असतें, पण हवें तें नसतें. दुसरींत मागितलेलें घर रांगेंतच नसतें. पहिली मोजणीच्या पद्धतींतून उद्भवते. दुसरी शीव न राखल्यामुळें घडते. दोहोंवरचे उपायहि निराळे आहेत.

मोजणी एकापासून करावी कीं शून्यापासून, हा वाद संगणकाच्या इतिहासांत पुष्कळ रंगला आहे. व्यवहारांत दोन्ही पद्धति एकत्र नांदतात. घराच्या मजल्यांची मोजणी करतांना जमिनीलगतच्या मजल्याला तळमजला म्हणतात आणि त्याच्या वरच्याला पहिला. म्हणजे तेथें आरंभ शून्यापासून आहे. उलट, मुलाला 'पांचवें वर्ष लागलें' असें म्हणतांना चार पुरीं झालेलीं असतात. म्हणजे तेथें आरंभ एकापासून आहे. मजला विचारणारा आणि वय विचारणारा यांची गांठ पडत नाहीं, म्हणून भांडण होत नाहीं. यंत्रांत मात्र ती पडते.

१९५७ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं फोर्ट्रान ही भाषा प्रचारांत आणली. ती शास्त्रज्ञांच्या सूत्रांसाठींच होती आणि तिच्यांत रांग एकापासून सुरू होई. १९६० च्या आल्गोल भाषेनें अधिक उदार धोरण स्वीकारलें: रांगेची खालची व वरची अशा दोन्ही शिवा लिहिणारानेंच ठरवाव्या, मग खालची उणे पांच असली तरी चालेल. फोर्ट्रानमध्यें ही मोकळीक 'फोर्ट्रान ७७' या आवृत्तींत आली. दरम्यान १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं सी ही भाषा घडविली. तिच्यांत रांगेचा क्रमांक म्हणजे आरंभापासूनचें अंतर. पहिलें घर आरंभींच असल्यामुळें त्याचें अंतर शून्य. म्हणून मोजणीहि शून्यापासून. १९८२ सालीं एड्सगर डाइक्स्ट्रा या डच पंडितानें एक छोटें टिपण लिहून शून्याची बाजू मांडली. शून्यापासून मोजलें म्हणजे घराचा क्रमांक व त्याच्या आधीं होऊन गेलेल्या घरांची संख्या या दोन्ही गोष्टी एकच होतात, ही त्यांतील एक सोय होय.

शास्त्रज्ञांची अडचण येथूनच सुरू झाली. गणिताच्या ग्रंथांतील सूत्रें आणि फोर्ट्रानमध्यें वर्षानुवर्षें सांचलेल्या आज्ञावल्या बहुतेक एकापासून लिहिलेल्या होत्या. आणि विद्यापीठांतून व प्रयोगशाळांतून नव्यानें पसरणारी सी भाषा शून्यापासून मोजीत होती. जुनी आज्ञावली नव्या भाषेंत उतरवितांना प्रत्येक ठिकाणीं एक वजा करीत जाणें म्हणजे चुकांना आमंत्रण देण्यासारखेंच होतें.

या अडचणीवर एक उपाय फार लोकप्रिय झाला. १९८६ सालीं विल्यम प्रेस, ब्रायन फ्लॅनरी, सॉल ट्यूकोल्स्की व विल्यम व्हेटरलिंग या चौघांचा 'न्यूमेरिकल रेसिपीज' हा शास्त्रीय गणनेवरील ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यानें प्रसिद्ध केला. १९८८ सालीं त्याची सी भाषेंतील आवृत्ति निघाली. तिच्याबरोबर 'एन्‌आर्‌युटिल' या नांवाचा साहाय्यक आज्ञावल्यांचा एक छोटासा संग्रह दिलेला होता. ग्रंथांतील इतर आज्ञावल्यांवर आपला हक्क राखणाऱ्या लेखकांनीं हा संग्रह मात्र सर्वांसाठीं मोकळा सोडला, आणि त्यामुळें तो असंख्य शास्त्रज्ञांच्या कामांत जाऊन बसला.

त्याची युक्ति अशी. वापरणारानें खालची व वरची शीव सांगावी. वरच्या शिवेंतून खालची वजा करून त्यांत एक मिळवावा, आणि तितकीं घरें स्मृतींतून मागून घ्यावीं. हा मिळविलेला एक म्हणजे आठवड्यांतला तोच आठवा दिवस होय. मग रांगेच्या आरंभाचा म्हणून जो पत्ता द्यावयाचा, तो खालच्या शिवेइतकीं घरें अलीकडचा द्यावा. चाळीच्या भाषेंत सांगावयाचें तर, पहिल्या खोलीला एक हा क्रमांक मिळावा म्हणून चाळ एक खोली अलीकडूनच सुरू होते असें सांगावयाचें. त्या जागीं खोली नाहीं, मोकळी गल्ली आहे. पण तेथें कोणी जाणारच नसल्यामुळें बिघडत नाहीं. या युक्तीनें सूत्रें जशींच्या तशीं लिहितां येऊं लागलीं. रांग एकापासून हवी तर एकापासून, १९०१ पासून हवी तर १९०१ पासून.

सोय मोठी होती यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांत दोन उणिवा राहिल्या. पहिली उणीव भाषेच्या नियमांची. १९८९ सालीं सी भाषेचे नियम अमेरिकेंत प्रमाणित झाले. त्या नियमांप्रमाणें पत्ता रांगेच्या आंतला असावा, किंवा फार तर शेवटच्या घराला लागून पुढचा. आरंभाच्या अलीकडचा पत्ता काढणें हेंच नियमबाह्य ठरतें, मग त्या पत्त्यावर कोणी जावो वा न जावो. बहुतेक यंत्रांवर तें निभावून जाई, पण निभावेलच अशी हमी कोणी देऊं शकत नसे. १९९२ च्या दुसऱ्या आवृत्तींत लेखकांनीं प्रत्येक रांगेला एक घर अधिक घेऊन एकापासून सुरू होणाऱ्या रांगांपुरती ही उणीव भरून काढली.

दुसरी उणीव अधिक खोल होती. हा संग्रह शीव विचारून घेत असे. पण ती रांगेबरोबर कोठें लिहून ठेवीत नसे. काम संपल्यावर रांग परत करतांना दोन्ही शिवा पुन्हा सांगाव्या लागत, यावरूनच हें स्पष्ट होतें. जी शीव कोठें नोंदलेलीच नाहीं ती ओलांडली गेली काय, हें तपासणार कोण? १३५ घरांच्या रांगेंत १३६ वें घर मागितलें तर तें पूर्वींप्रमाणेंच निमूटपणें मिळे. थोडक्यांत म्हणजे, या संग्रहानें चाळीला सोयीचे क्रमांक दिले, पण टोकाशीं थांबणारा टपालवाला दिला नाहीं. पुढें २००२ सालीं सी प्लस प्लस या भाषेंत निघालेल्या आवृत्तींत लेखकांनीं एकापासूनची मोजणी सोडून शून्याची पत्करली, आणि २००७ च्या तिसऱ्या आवृत्तींतील रांगांत शीव तपासण्याची सोय ठेवली. मात्र ती वापरणारानें मुद्दाम चालू करावयाची होती.

मग चांगल्या संग्रहानें काय करावें? कामें तीनच आहेत आणि तिन्ही साधीं आहेत. पहिलें, रांगेच्या दोन्ही शिवा रांगेबरोबरच बांधून ठेवाव्या, म्हणजे रांग ज्याच्या हातीं जाईल त्याच्या हातीं शिवाहि जातील. दुसरें, घर मागितलें कीं क्रमांक खालच्या शिवेहून लहान नाहीं व वरचीहून मोठा नाहीं, एवढें पाहून मगच दार उघडावें. तिसरें, क्रमांक शिवेबाहेरचा असेल तर काम थांबवून स्पष्ट शब्दांत सांगावें: रांग रेखांशांची, मागितलेलें घर १३६, शिवा १ ते १३५. असा शेरा मिळाला कीं चूक शोधण्यास फार वेळ लागत नाहीं. तो न मिळाला तर महिन्यांनंतर भलत्याच ठिकाणीं विचित्र उत्तर निघतें, आणि तिथून मागें मागें जात मूळ चूक गांठतांना शास्त्रज्ञाच्या नाकीं नऊ येतात.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. कोट्यवधि वेळां घरें उघडावयाचीं असतां प्रत्येक वेळीं दोन तुलना करीत बसलें तर यंत्राचा वेग मंदावतो. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. पण त्याला उत्तरें आहेत. क्रमांकांतून खालची शीव वजा केली आणि बाकीकडे उणें चिन्ह नसलेली संख्या म्हणून पाहिलें, तर शिवेखालचा क्रमांक अतिशय मोठा दिसूं लागतो आणि दोन तुलनांचें काम एकींत भागतें. शिवाय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनें जावयाचें असेल तर पहिला व शेवटचा क्रमांक एकदांच तपासून मधल्या सर्वांची हमी घेतां येते. आज फोर्ट्रानच्या कित्येक भाषांतरकर्त्या आज्ञावल्यांत नुसती एक सूचना दिली कीं सर्व शिवांची तपासणी सुरू होते. आणि रस्टसारख्या नव्या भाषांत ती न सांगतांच होते.

परंतु या आक्षेपाला सर्वांत समर्पक उत्तर ग्राहकांनींच देऊन ठेवलें आहे. १९६० नंतर इंग्लंडांतील एलियट ब्रदर्स या कंपनींत टोनी होअर यांनीं आल्गोल भाषेचा जो भाषांतरकर्ता तयार केला, त्यांत प्रत्येक क्रमांक दोन्ही शिवांशीं ताडून पाहण्याची व्यवस्था होती. कांहीं वर्षांनीं कंपनीनें ग्राहकांना विचारलें कीं, वेग वाढविण्यासाठीं ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय? सर्वांनीं एकमुखानें ती नको म्हणून सांगितलें. रोजच्या कामांत क्रमांकांच्या चुका किती होतात आणि त्या लक्षांत न आल्या तर केवढा अनर्थ ओढवतो, हें त्यांना अनुभवानें ठाऊक झालें होतें. १९८० सालीं ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांत होअर यांनीं ही हकीकत सांगितली आणि पुढील भाषाकारांनीं हा धडा घेतला नाहीं याबद्दल खेद प्रकट केला.

असें असलें तरी शिवेच्या तपासणीकडून नको ती अपेक्षा करूं नये. पुण्याऐवजीं मुळशीचा पाऊस हातीं आला, ती चूक कोणतीहि शीव पकडूं शकत नाहीं. कारण २९ हा क्रमांकहि रांगेंतलाच आहे. तिच्यावर उपाय दुसरा, आणि तोहि याच संग्रहाच्या हातांत आहे. रांगेचे क्रमांक यंत्राच्या सोयीनें न ठेवतां विषयाच्या सोयीनें ठेवावे. वर्षांच्या रांगेची खालची शीव १९०१ व वरची २०१० असली, तर १९७२ चा पाऊस हवा असतां १९७२ हाच क्रमांक लिहावयाचा. त्यांतून १९०१ वजा करावयाचे कीं १९००, हा प्रश्नच उरत नाहीं. तापलेल्या सळईचे शंभर बिंदु मोजावयाचे आहेत आणि दोन्ही टोकांचें तपमान बाहेरून ठरलेलें आहे, अशा वेळीं रांग ० ते १०१ ठेवली म्हणजे टोकें आपोआप वेगळीं पडतात. आणि सबंध पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या रेखांशांची रांग असेल तर तिला टोकच नसतें. शेवटच्या घराचा शेजारी पहिलें घर हाच असतो. टोकापलीकडे भिंत आहे, वळसा आहे कीं कांहींच नाहीं, हें शास्त्रज्ञानें स्वतः सांगितलें पाहिजे. यंत्रानें तें गृहीत धरतां कामा नये.

गृहीत धरल्यानें काय होतें, याचा एक नमुना आज लोकप्रिय असलेल्या पायथॉन भाषेंत आहे. तिच्यांत रांग शून्यापासून सुरू होते, आणि क्रमांक उणे एक दिला तर शेवटचें घर मिळतें. वाक्यांचा शेवटचा शब्द किंवा यादींतील शेवटचें नांव काढण्यास ही सोय फार चांगली आहे. परंतु पावसाच्या नकाशावर पश्चिमेच्या कडेवरील बिंदूचा पश्चिमेकडील शेजारी मागितला, तर शून्यांतून एक जाऊन उणे एक होतो आणि भाषा निर्धास्तपणें १०० पूर्व रेखांशाचा आंकडा आणून देते. येथें तपासणी असूनहि चूक निसटते. कारण यंत्राच्या समजुतीप्रमाणें तो क्रमांक शिवेबाहेरचा नसतोच.

हा सर्व खटाटोप केवळ प्रयोगशाळेपुरता आहे, असें मात्र कोणी समजूं नये. १९ जुलै २०२४ रोजीं जगांतील अनेक विमानतळ, बँका व रुग्णालयें यांचे संगणक एकाएकीं बंद पडले. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अंदाजाप्रमाणें सुमारें पंचाऐंशीं लाख यंत्रें त्यांत सांपडलीं. भारतांतहि विमानतळांवर लांबच लांब रांगा लागल्या आणि कित्येक उतारूंना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. या गोंधळाचें मूळ क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलींत होतें. कंपनीनेंच ऑगस्टमध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत कारण सांगितलें तें असें: ज्या रांगेंत वीस मूल्यें दिलेलीं होतीं, तिच्यांतील एकविसावें मूल्य मागितलें गेलें. त्यापूर्वींच्या चाचण्यांत एकविसाव्या जागीं 'कांहींहि चालेल' अशी खूण असल्यामुळें तें घर उघडून पाहण्याची पाळीच आली नव्हती. त्या दिवशीं ती आली. यंत्रानें भिंतीपलीकडे हात घातला आणि कोसळलें. या अपघातानंतर कंपनीनें जे उपाय योजले त्यांतील एक म्हणजे त्या ठिकाणीं शिवेची तपासणी घालणें. एक तुलना तेथें आधींपासून असती, तर एकविसावें घर नाहीं एवढें कळून काम तेथेंच आवरतें घेतां आलें असतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या दिवशीं यंत्रें बंद पडलीं, म्हणून तरी जगाला चूक कळली. पुण्याच्या अभियंत्याच्या हातीं मुळशीचा पाऊस येतो तेव्हां कांहींच बंद पडत नाहीं. हिशेब पुरा होतो, आलेख छापला जातो, अहवालावर सह्या होतात, आणि चूक कळते ती कदाचित् बांधकाम उभें राहिल्यावर. म्हणून शास्त्रीय गणनेंत शिवेचें महत्त्व इतर कामांहून कमी नसून अधिकच आहे.

शीव सांभाळणारा संग्रह शें-दोनशें ओळींत लिहून होतो. त्यानें नवा शोध लागत नाहीं, कीं यंत्राचा वेग वाढत नाहीं. घरांना विषयाला साजेसे क्रमांक द्यावे, रांगेच्या दोन्ही शिवा तिच्याजवळच लिहून ठेवाव्या, आणि नसलेलें घर कोणी मागितलें तर शेजारचें दार न उघडतां 'पत्ता चुकीचा' म्हणून पत्र परत करावें, एवढेंच त्याचें काम. चाळींतला टपालवाला तें रोज करतो. यंत्राला मात्र तें कोणीतरी बसून शिकवावें लागतें.